दोन साउंड कार्डं

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वळ गावात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे २००९ सालच्या मे महिन्यात गोडाऊनच्या कंपनीचं पत्र आलं आणि ते वाचून मी टराटरा फाडायला निघालो, तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. कमळनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते हातातून काढून घेतलं म्हणून वाचलं.

पत्रात वाईट असं काही नव्हतं, हीच तर गंमत. आमच्या पट्ट्यातल्या जमिनी गोडाऊनला गेल्या तेव्हा आम्ही करारात एक अट घालून घेतली होती. जमीन देणाऱ्याच्या घरातल्या एकाला कायमची नोकरी. त्या एका ओळीसाठी मी तीन वर्षं हेलपाटे घातले, दोनदा चार गावं घेऊन रस्त्यावर बसलो. लोक त्या जागेवर पोरगा लावायचे, नाहीतर पुतण्या. मी माझ्या मुलीचं, मृणालीचं नाव दिलं. मृणालीला जन्मापासून दिसत नाही. कंपनीनं उलट टपाली कळवलं की आपल्या कन्येची अडचण आम्ही समजू शकतो, तरी त्यांनी कामावर येण्याचे कष्ट घेऊ नयेत, पगार दरमहा घरपोच मिळेल.

गावातल्या लोकांना हेवा वाटला. बसल्या जागी पगार, अजून काय पाहिजे? मला मात्र कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोरगी बीए झालेली, दिवसभर संगणकावर बोटं चालवणारी, आणि हे लोक तिला दारातूनच नमस्कार करून वाटेला लावत होते.

मृणाली चिडली नाही. स्वभाव आईवर गेलाय, सुदैवानं. तिनं पत्र आईकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, हे मना नोकरी देत न्हाईत. तुज्या जमिनीला पेन्शन देतायत.”

“मंग काय कराचा?” मी म्हणालो.

“मना तुज्या जमिनीची नोकरी नको. माजी पायजे. दुसऱ्यांची घेतात तशी माजी परीक्षा घेवं दे. पास झाले तं जाईन. नापास झाले तं घरी बशीन, मंग त्यांचा पगारही नको.”

तिनं स्वतःच कंपनीला पत्र लिहिलं. तिथले मॅनेजर वरदसाहेब ठाण्याचे, तिशीतले, बोलायला गोड पण कागदाला कडक. त्यांचं उत्तर आलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता. एक तास. चाळीस बिल्ट्या, त्यातल्या तीस झाल्या तर पास. कोणाचीही मदत मिळणार नाही. बिल्टी म्हणजे ट्रकबरोबर येणारी मालाची पावती. डॉकवरचा, म्हणजे ट्रक लागतात त्या ओट्यावरचा माणूस ती फोनवर वाचतो आणि ऑफिसातला माणूस ऐकून संगणकात भरतो. काम कानांचं आणि बोटांचं. मृणालीसाठीच बेतलेलं, असं मी म्हणालो, तर कमळ म्हणाली, आधी तिला करू द्या मग बोला.

न दिसणारी पोरगी संगणक कसा चालवते, हे मला अजून लोक विचारतात, आणि मी ते अशा थाटात सांगतो की जसं काही मीच शिकवलं. खरं तर शिकवलं टेमघरच्या विद्युल्लताबाईंनी. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बाजारातून घ्यायचा तर माझ्यासारख्याच्याही तोंडाला फेस आला असता. विंडोजऐवजी लिनक्स घातलं तर तो फुकट मिळायचा, म्हणून बाईंनी तिला लिनक्सवर बसवलं. मृणाली बटन दाबते, मशीन बोलतं, ते ऐकून ती पुढचं बटन दाबते. तिच्यासाठी स्पीकर हाच पडदा.

आणि त्या लिनक्सची एक खोड होती. दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती यायची, आणि ती चढवली की आमच्या मशीनचा आवाज हमखास बसायचा. मशीन आणि आवाज काढणारं साउंड कार्ड यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा ड्रायव्हर असतो, तो कुठंतरी अडून बसायचा. डोळस माणसाचं फक्त गाणं बंद पडतं. तो दोन शिव्या देतो आणि जेवायला बसतो. मृणालीचं अख्खं मशीनच हातातून जायचं. मग ती तासन्‌तास खोलीत बसायची आणि बाहेर मला नुसतं टूं, टूं ऐकू यायचं. मी ओरडायचो, “काय पिपानी वाजवतस?” आतून पुन्हा टूं. संध्याकाळपर्यंत मशीन पुन्हा बोलत असायचं आणि ते कसं झालं हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

कंपनीच्या ऑफिसातही लिनक्सच होतं. मृणालीनं आधी फोन करून तेच विचारून घेतलं होतं, आणि तिच्या सांगण्यावरून वरदसाहेबांनी बोलणारा प्रोग्रॅम चालू करून ठेवला होता. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. मग मी मधे पडलो.

शनिवारी मी ऑफिसात डोकावून आलो. ज्या मशीनवर परीक्षा होती त्याच्या शेजारी साबणाच्या वडीएवढा एकच स्पीकर. माझं डोकंच फिरलं. आमच्यात हळदीचं गाणं पाच गावांना ऐकू गेलं नाही तर नवऱ्याला हळद लागली असं कोणी मानत नाही. ज्या पोरीचं सगळं भवितव्य कानावर, तिला हा साबण? बाहेर ट्रकचे हॉर्न, हमालांचा आरडाओरडा, आणि त्यात ही वडी काय बोलणार आणि हिला काय ऐकू येणार?

माझा पुतण्या भाविक अंबाडी नाक्यावर मोबाईलचं दुकान चालवतो. त्याला घेऊन मी भिवंडीच्या बाजारात गेलो आणि दुकानदाराला सांगितलं, सगळ्यात भारी असेल ते दे. त्यानं दोन उभे स्पीकर दिले, जमिनीवर ठेवायचा एक मोठा डबा दिला, आणि वर म्हणाला, शेठ, ह्याला जुनं कार्ड पुरणार नाही, नवीन साउंड कार्ड घालावं लागेल. मी म्हणालो, घाल. दुकानदारानं माझ्यासारखं गिऱ्हाईक वर्षात पाहिलं नसेल.

रविवारी दुपारी ऑफिस बंद होतं. वॉचमन नवशा आमच्या शेजारच्या पाड्यावरचा, मला ओळखतो. त्यानं दार उघडलं. भाविकनं मशीनचं झाकण काढलं, कार्ड बसवलं, स्पीकरची वायर नव्या कार्डात खोचली, जुनी वडी कपाटात टाकली. मशीन चालू केलं तर स्पीकरला निळा दिवा लागला आणि जमिनीवरच्या डब्यातून घुम्म असा आवाज आला. पासवर्ड आम्हाला ठाऊक नव्हता, त्यामुळे पुढं काही करून बघता आलं नाही. “काका, काम झाला,” भाविक म्हणाला. मी मशीनला हळद-कुंकू लावलं, दाराशी नारळ फोडला आणि नवशाला बजावलं, “कोनाला सांगू नको.” सांगायला हरकत काय होती? मृणालीला कळलं असतं तर तिनं तिथल्या तिथं सगळं काढायला लावलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी अकराला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. वरदसाहेबांनी मला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि हसत सांगितलं की इथून फक्त बघायचं. मृणाली खुर्चीत बसली. तिनं कीबोर्डवर हात फिरवला, मग शेजारच्या स्पीकरवर.

“अरे वा,” साहेब म्हणाले, “हेड ऑफिसनं नवे स्पीकर पाठवलेले दिसतायत.”

मी छताकडे बघितलं.

अकरा वाजले. साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि सुरुवात करा म्हणाले. मृणालीनं बटन दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. जमिनीवरचा डबा घुम्म करत होता, निळा दिवा दिमाखात जळत होता, आणि मशीन तोंडातून शब्द काढत नव्हतं.

“इथं पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय,” साहेब वाकून म्हणाले. “तुम्हाला मी वाचून दाखवू का?”

“नको सर,” ती म्हणाली. साहेबांशी ती शहरी मराठी बोलते. “मदत मिळणार नाही, असं तुमच्याच पत्रात आहे.”

साहेबांनी ठाण्याच्या आयटीवाल्याला फोन लावला. त्याचं उत्तर मला बाकावरून ऐकू आलं. पूर्ण मशीन नव्यानं भरावं लागेल, गुरुवारी येतो. साहेबांनी फोन ठेवला आणि ते जे बोलले ते अगदी मायेनं बोलले. “बघा, यात तुमचा दोष नाही. आपण परीक्षा झाली असं समजू. पगार तर तुम्हाला तसाही मिळणारच आहे.”

मृणालीच्या पाठीकडे बघत मी बसलो होतो. ती ताठ झाली. ज्या गोष्टीला नको म्हणून ती इथवर आली होती तीच पुन्हा तिच्या ताटात वाढली जात होती, आणि त्या ताटाखाली पाट मी सरकवला होता.

“सर, तास माझा आहे ना?” ती म्हणाली. “मग मला तो वापरू द्या.”

तिनं तीन बटनं एकदम दाबली. पडद्यावरची चित्रं गेली आणि नुसती काळी पाटी राहिली. तिनं काहीतरी टाईप केलं, न थांबता, न चाचपडता. मशीनच्या पोटातून आवाज आला. टूं.

तो आवाज मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता. आज पहिल्यांदा समोर बसून ऐकत होतो.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“कॅबिनेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो, सर. मशीन चालू होताना वाजतो तो. साउंड कार्ड मेलं तरी तो जिवंत असतो. मी मशीनला प्रश्न विचारते. उत्तर हो असेल तर टूं कर, नाही असेल तर गप्प राहा, असं सांगून ठेवते.” बोलता बोलता तिची बोटं चालूच होती. “आता विचारलं, ड्रायव्हर चढलाय का.”

टूं.

“चढलाय. म्हणजे निरोप्या जागेवर आहे. आता विचारते, साउंड कार्डं किती. जितकी असतील तितक्या वेळा वाजव.”

टूं. थोडं थांबून पुन्हा, टूं.

तिनं डोकं किंचित कलतं केलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा दोन.

“सर, यात दोन कार्डं आहेत. एकच असायला हवं.”

“शक्य नाही,” साहेब म्हणाले. “आयटीचा माणूस महिनाभर इकडे फिरकलेला नाही.” मग त्यांची नजर स्पीकरवर गेली, मशीनवरच्या हळदीकुंकवावर गेली, आणि चेहरा बदलला. “नवशा. काल ड्युटी तुझी होती ना? ऑफिसात कोण आलं होतं?”

नवशा दारात उभा होता. त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. “म्हाईत न्हाय, साहेब.”

“चावी तुझ्याकडे आणि तुला माहीत नाही?” साहेबांनी पुन्हा फोन उचलला. या वेळी तो वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला होता.

नवशानं माझा शब्द पाळला होता. त्याच्या जागी मी असतो तर पाळला नसता. एजन्सीवाले दुपारच्या आत त्याला घरी बसवणार, हे मला दिसत होतं. आणि मी तोंड उघडलं तर परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपनीच्या मशीनला हात लावला म्हणून परीक्षाच रद्द, आणि मृणाली जन्मभर घरपोच पगाराची धनीण, हेही दिसत होतं. खोटं कशाला सांगू, चार-पाच श्वास मी गप्प बसलो. एवढा वेळ गप्प बसण्याची मला सवय नाही.

“मी आलेलो,” मी उभा राहून म्हणालो. “नवशाची चूक न्हाय. मीच त्याला सांगू नको बोललेलो.”

मृणालीची बोटं थांबली. तिनं मान वळवून कान माझ्याकडे केला. “कवा?”

“काल दुपारी. मी न भाविक. तुना आवाज मोठा येवा म्हनून.”

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “मना मोठा आवाज नको होता. आवाज पायजे होता.”

चारचौघांत मला कोणी एवढं बोललं असतं तर मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. तिथं मी मान खाली घालून उभा राहिलो.

साहेबांनी फोन ठेवला. “भोईर, मी ही परीक्षा आत्ता रद्द करू शकतो.”

“सर,” मृणाली म्हणाली, “घड्याळ चालू आहे ना अजून?”

“चालू आहे.”

“मग चालू राहू द्या.”

साहेबांनी टेबलावरचं घड्याळ उचलून बघितलं. मग म्हणाले, “एकोणचाळीस मिनिटं उरली आहेत. एक मिनिटही वाढवून मिळणार नाही.”

“चालेल, सर.”

“मृणाली,” मी म्हणालो, “कार्डाचा खोका गाडीत हाय. त्यावर नाव लिवलंय. आनतो.”

“नको. मदत चालत न्हाय. बस तितं.”

मी बसलो.

झालं काय होतं ते तिनं मला नंतर समजावलं. लिनक्समध्ये नवं कार्ड येतं ते तोंड बंद ठेवूनच येतं, कोणी उघडेपर्यंत. माझं ते भारी कार्ड आत शिरलं आणि जाऊन बसलं थेट पहिल्या नंबरावर. मशीन बिचारं सगळं बोलणं पहिल्या नंबराकडे पाठवत होतं. म्हणजे पंगतीत पहिल्या पाटावरच्या पाहुण्याचा उपास, आणि वाढपी त्याच्यापुढून हलायला तयार नाही. नुसतं त्याचं तोंड उघडूनही तेवढ्यापुरतं भागलं असतं. पण मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की कोण पहिला बसेल याचा नेम नव्हता. तिला रोज कामावर यायचं होतं. तिला पक्कं करून हवं होतं.

त्यासाठी नव्या कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव लागत होतं. डोळसानं ते पडद्यावर वाचलं असतं. हिनं मशीनला एकेक नाव विचारायला सुरुवात केली. हे आहे का? गप्प. हे आहे का? गप्प. तिसरं नाव. गप्प. इतकी नावं हिला तोंडपाठ कशी, असं मनात आलं, आणि मग आठवलं की वर्षानुवर्षं मी ज्याला पिपाणी म्हणत होतो ती हीच शाळा होती. चौथ्या नावाला मशीन बोललं. टूं.

“सर, आता मशीनच्या सेटिंगमध्ये दोन ओळी लिहायच्या आहेत,” ती म्हणाली. “त्याला तुमची परवानगी लागेल. मुख्य पासवर्ड तुम्हीच टाका.”

साहेब पुढं झाले आणि त्यांनी एका हातानं कीबोर्ड झाकून दुसऱ्या हातानं पासवर्ड टाकला. सवयच ती, आंधळ्या माणसापासूनही लपवायची. नवशानं माझ्याकडे बघून ओठ दाबले.

“पुन्हा टाका, सर,” मृणाली म्हणाली. “शेवटचं बटन दोनदा दाबलं गेलं.”

साहेबांनी पुन्हा टाकला, या वेळी हात न झाकता. मशीन म्हणालं, टूं.

तिनं त्या दोन ओळी लिहिल्या. ऑफिसचं जुनं कार्ड पहिलं, नवं दुसरं. मग खुर्चीवरून उतरून ती टेबलाखाली गेली, मशीनच्या पाठीमागं बोटं फिरवली, नव्या कार्डातली वायर उपसली आणि जुन्याच्या तीन भोकांपैकी मधल्या भोकात खोचली. बाहेर आली तेव्हा ओढणीला जाळं लागलं होतं. ते तिला दिसलं नाही आणि सांगायची माझी हिंमत झाली नाही. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. ती दोन मिनिटं आम्ही चौघंही त्या खोक्याकडे कान लावून उभे होतो, वरदसाहेबसुद्धा.

मग मशीन बोललं. तो नाकात बोलणारा इंग्रजी आवाज मला घरी कधी आवडला नाही. पण त्या दिवशी भाविकनं वाढवून ठेवलेल्या आवाजात तो असा कडाडला की डॉकवरचे हमाल डोक्यावरचा माल तसाच धरून थांबले आणि बाहेर एका ट्रकवाल्यानं खाली उतरून बघितलं. निदान माझ्या स्पीकरनं तरी तेवढी लाज राखली. मृणालीनं आवाज कमी केला, केस मागं सारले आणि म्हणाली, “पहिली बिल्टी वाचा, सर.”

सव्वीस मिनिटं उरली होती. साहेब वाचत गेले, ती भरत गेली. गाडीचा नंबर, मालाचं नाव, नग, कुठून आला, कोणत्या गाळ्यात उतरवायचा. सुरुवातीला साहेब सावकाश वाचत होते. पाच-सहा बिल्ट्यांनंतर तीच म्हणाली, जरा भरभर वाचा. विसावीला साहेबांनी पाणी प्यायला थांबायचं केलं तर ती नुसतीच बोटं वर धरून थांबली आणि साहेबांनी पेला तसाच ठेवला. तास संपला तेव्हा सदतीस झाल्या होत्या. लागत होत्या तीस. साहेबांनी एकेक तपासली. एक चूक निघाली, साठाच्या जागी सहा नग. तेवढी चूक मला गोडच वाटली, कारण नाहीतर साहेबांनी म्हटलं असतं की काहीतरी काळंबेरं आहे.

“गुरुवारी आयटीवाल्याला येऊ नको म्हणून कळवा,” साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते. मी नवशाच्या पाठीवर हात ठेवला.

साहेबांनी नेमणुकीचं पत्र छापून आणलं आणि रीतसर वाचून दाखवलं. “जमीनमालक श्री. केसरीनाथ भोईर यांच्यासोबत झालेल्या करारातील अटीनुसार, त्यांच्या कन्या...”

“सर,” मृणालीनं थांबवलं. “ही ओळ काढा.”

“ती फॉरमॅटमध्येच असते.”

“माझी परीक्षा झाली. परीक्षा पास झाले म्हणून घेतलं, एवढंच लिहा. नाहीतर मी सही करणार नाही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता गंमत बघा. सकाळपासून मी एवढा वितळलो होतो, तरी ते ऐकून माझ्या डोक्यात पहिली उठली ती सणकच. ती ओळ माझी होती. त्या ओळीसाठी मी उन्हात रस्त्यावर बसलो, पोलिसांच्या गाडीत बसलो, सोयऱ्याधायऱ्यांशी भांडलो. गावात कोणाच्या करारात नसेल इतकी पक्की ओळ मी लिहून घेतली होती. आणि पोरगी म्हणत होती, काढा. मी बाकाची कड घट्ट धरली. समोर ती बसली होती, ओढणीला जाळं लागलेलं. ती माझ्याकडे वळली नाही. मी काय बोलतो याची ती वाटच बघत नव्हती. तिचं ठरलेलं होतं. आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. ही माझी जमीन खाणारी पोर नव्हती. हिला उभं राहायला माझी वीतभरही जमीन लागत नव्हती.

“काढा, साहेब,” मी म्हणालो.

“मग कराराची जागा तशीच शिल्लक राहील. घरातल्या दुसऱ्या कोणाला...”

“त्याचा मंग बघू. आदी हिची ओळ काढा.”

साहेबांनी ठाण्याला दोन फोन केले, बराच वेळ हुज्जत घातली, आणि पत्र नव्यानं छापून आणलं. पुन्हा वाचून दाखवलं. त्यात मी कुठंच नव्हतो. जमीन नव्हती, करार नव्हता. घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यामुळे, एवढंच होतं.

“बाबा, ये इकडं,” ती म्हणाली. “सही कुठं कराची तेवढा दाव.”

मी उठलो. तिचं बोट धरून कागदाच्या खालच्या रेघेवर टेकवलं आणि माझा हात काढून घेतला. साहेबांनी पेन दिलं. सही करायला तिला विद्युल्लताबाईंनी शिकवलं होतं, अक्षर हातानं गिरवून गिरवून. बोटाच्या कडेनं रेघ धरून तिनं सावकाश लिहायला घेतलं. मृणाली. मग थोडी जागा सोडून, केसरीनाथ. मग भोईर.

मी कागदावरून गेलो होतो, मीच स्वतःच्या तोंडानं काढायला लावलं होतं. तिनं मला परत लिहिलं, स्वतःच्या नावापुढं, स्वतःच्या हातानं. अक्षरं थोडी रेघेखाली उतरली होती. मी ती वाचली आणि मग बराच वेळ मला पुढचं काही नीट वाचता आलं नाही.